नाव काढलं

आमची शाळा क्रांती चौकातून आत येणाऱ्या एका गल्लीत आहे. फाटकाबाहेर लिंबाचं झाड आहे आणि त्याच्याखाली गेली अकरा वर्षं भामाबाई पाटी मांडून बसतात. पावसाळ्यात भाजलेली कणसं, थंडीत बोरं, मग हरभऱ्याचे ढाळे, पुढं चिंचा आणि कैऱ्या. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. माझी खिडकी नेमकी त्या झाडाकडं उघडते, त्यामुळं भामाबाईंचं बोलणं दिवसभर माझ्या कानावर असतं.

बोरं मोजायला त्यांच्याकडं दांडी तुटलेला चहाचा कप आहे. पोरं ओरडतात, "आजी, कपात अंगठा घालू नको!"

"अंगठा नाय घातला तर तुला कसं कळंल मी अडाणी हाय ते?" असं म्हणून त्या वरून चार बोरं जादा टाकतात. मुद्दाम जादा मागणाऱ्याला मात्र, "तुझ्या बापाची बोरीची बाग हाय व्हय रं?"

भामाबाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, सांडूबरोबर, शहरात बांधकामावर आल्या आणि इथंच राहिल्या. सांडू गेले. मग एकुलता एक मुलगा राजेंद्र, तो लोडिंग रिक्षा चालवायचा, तोही तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. भावसिंगपुऱ्याकडच्या दोन खोल्यांत त्या, सून रूपा आणि नात विशाखा अशा तिघी उरल्या. विशाखा आमच्याच शाळेत सातवीत. मधल्या सुट्टीत ती आजीशेजारी बसून गणितं सोडवायची, आणि भामाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझी इशाखा नाव काढंल बघा. सुलेखाबाई, तुमी लिहून ठिवा."

"लिहायचंच तर काम आहे माझं," मी खिडकीतून म्हणायचे.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना रूपाच्या भावानं तिच्यासाठी सोयगावचं एक स्थळ आणलं. फकिरा नावाचा माणूस, बायको वारलेली, जिनिंगमध्ये कामाला. मुलीला सांभाळायला तयार. रूपाचं वय बत्तीस. भामाबाईंनी स्वतः विहारात बसून बोलणी केली. मला सांगताना त्या एकदाही अडखळल्या नाहीत. "तिला धरून ठिवायला ती काय माझी पाटी हाय का बाई? राजेंद्र गेला, त्यात तिचा काय गुन्हा?" मग कणसं सोलायला घेतली. सोलता सोलता म्हणाल्या, "आईमागं पोरगी जाणारच. पोरीची जात, माझ्यापाशी कुठवर ठिवू. मी आज हाय, उद्या नाय."

लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला झालं. रूपा सोयगावला गेली. विशाखा मागं राहिली ती फक्त सहलीसाठी.

सहल अजिंठ्याची होती. माणशी साडेसहाशे रुपये. शाळा बदलायचं ठरलेलं असताना सहलीचे पैसे भरायचे हे रूपाला पटत नव्हतं. लग्नाआधी फाटकाशी दोघींचं बोलणं झालं ते मी ऐकलं.

"आत्याबाई, तिचं जायचं ठरलंय. तेवढ्यात तिला तिकडचा गणवेश येईल. अजिंठा तर सोयगावहून हाकंच्या अंतरावर. कधी बी दाखवू."

"तू दाखव की शंभरदा. ही सयल माझी हाय. माझ्या बोरांची."

तीन वेळा थोडे थोडे करून त्यांनी पैसे भरले. सहलीचं काम बघणारे आमचे बद्रीनाथ सर पावती फाडताना म्हणाले, "भामाबाई, पोरगी तर चालली म्हणता."

"चालली म्हणून तर भरते, सर."

त्यांच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. एक दिवस त्या पहिल्यांदाच कार्यालयात येऊन बाकावर बसल्या. "बाई, मला एक अर्ज लिहून द्या. बस अजिंठ्याला गेली की फर्दापूरच्या फाट्यावर रूपा आन् जावई उभं राहतील. लेणी बघून झाली की सरांनी पोरीला त्यांच्या हवाली करायचं. येताना बसमधी आणायचं नाय."

"असं का? घरी आणा, रविवारी सावकाश नेऊन सोडा."

"नगं." त्यांनी पदर मुठीत धरला. "स्टँडवर निरोप द्यायचा म्हणलं की मी पोरीला गाडीत चढूच द्यायची नाय. सयलीला कसं, सगळ्यांचे आईबाप फाटकाशी येत्यात, हात हलवत्यात. त्यांच्यात मी बी हलवीन. सांजच्याला यायचंच हाय असं दोघींनी धरायचं. रडायचं काम नाय."

"विशाखाला माहीत आहे?"

"तिनंच तर म्हणलं, आजी, आपण तसंच करू."

मी अर्ज लिहिला. त्यांनी अंगठा दिला. बद्रीनाथ सरांनी तो वाचला, आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सही केली. सगळं रीतसर झालं. त्यानंतर रोज खिडकीतून ऐकू यायचं, इशाखा निजलेले भगवान बघणार. एवढाले मोठे, हातावर डोकं ठेवून. भामाबाईंनी ते कॅलेंडरवर पाहिले होते. साठ वर्षांत त्या अजिंठ्याला गेल्या नव्हत्या. मी म्हटलं, तुम्हीही जा की कधी. तर म्हणाल्या, "ती बघून आली की मला सांगंल."

आणि लगेच पाटीतली बोरं सारखी करायला लागल्या, कारण ती येणार नव्हती.

सहल शनिवारी होती. त्याच्या आधीचा गुरुवार म्हणजे मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. माझं उद्यापन होतं. घरी सात सवाष्णी बोलावलेल्या, नैवेद्य व्हायचा होता, आणि मला दुपारी तीनला निघायचं होतं. अडीचला भामाबाई खिडकीशी आल्या.

"सुलेखाबाई, इशाखाचं नाव काढायचंय. तिकडच्या शाळेनं दाखला मागितलाय. आज दिला तर शनिवारी पोरीच्या पिशवीत घालते. परत येरझार नगं."

गावाकडं शाळेत नाव घालतात आणि शाळेतून नाव काढतात. आम्हीही कार्यालयात तेच म्हणतो. शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा म्हणजे नाव काढायचं. भामाबाई इतकी वर्षं 'नाव काढंल' म्हणत होत्या ते वेगळं, हे वेगळं. त्या दिवशी शब्द तोच आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मी दाखला लिहिला. कारणाच्या रकान्यात 'आईसोबत स्थलांतर' लिहिलं. तारीख त्या दिवसाची घातली. सोयगावच्या शाळेची मागणी संगणकावर आलेलीच होती, ती मंजूर केली. हजेरीपटावर विशाखाच्या नावावरून लाल रेघ मारली. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. सोमवारची तारीख घालता आली असती. शनिवारी सहल आहे हे मला ठाऊक होतं, अर्ज मीच लिहिला होता, पण डोक्यात नैवेद्य होता. दाखला वहीच्या पुठ्ठ्यात घालून मी भामाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला. मी पावणेतीनला निघाले आणि देवीपुढं वेळेत दिवा लावला याचं मला समाधान वाटलं.

शनिवारी सकाळी सहाला एसटी फाटकाशी उभी राहिली. अंधार होता, पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. प्रथमोपचाराची पेटी द्यायला मीही आले होते. भामाबाई पाटीशिवाय आलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. चौदा एप्रिलला नेसतात ती पांढरी साडी नेसल्या होत्या. विशाखाच्या पाठीवर दप्तर, हातात कपड्यांची मोठी पिशवी, आणि एक डबा. सहलीला एवढं सामान कुणाचंच नव्हतं.

"आजी, बोरं कुठंयत?" पोरांनी विचारलं.

"आज बोरं निजल्यात. उठली की सोमवारी देते."

विशाखा आत गेली. तिची मैत्रीण सोनिया हिनं तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. बद्रीनाथ सर दारात उभे राहून यादी वाचू लागले. शाळेच्या सहलीला एसटी अर्ध्या तिकिटात मिळते, त्यासाठी पटावरच्या मुलांची यादी शिक्का मारून आगारात द्यावी लागते. सरांनी ती शुक्रवारी संगणकावरून काढली होती. नावं संपली आणि विशाखानं आतून हात वर केला. "सर, माझं नाव राहिलं."

सरांनी यादी उलटीसुलटी केली. "छापायची राहिली वाटतं. थांब, हातानं लिहितो." त्यांनी खिशातून पेन काढलं.

मोठ्या बाई शेजारीच होत्या. "राहिली कशी? पटावरून निघालेली यादी आहे ना?"

आणि मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. पण विचारल्यावर खरं सांगायचं, अशी सवय हाडात बसलेली असते, न विचारताही तोंड उघडतं. मी म्हणाले, "मॅडम, तिचं नाव मी परवा काढलंय."

सरांचं पेन थांबलं.

मोठ्या बाईंनी सरांच्या हातून यादी घेतली. त्या वाईट नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे आज ती आपली विद्यार्थिनी नाही. घाटात बसला काही झालं, पोरगी कुठं घसरून पडली, तर मी ती कोण म्हणून सांगू? यादीवर माझी सही आहे."

"मॅडम, अर्जावर तुमची सही आहे."

"अर्ज दिला तेव्हा ती पटावर होती, सुलेखाताई."

बद्रीनाथ सर म्हणाले, "मॅडम, एक दिवसाचा प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "सर, एक दिवसाचाच असतो प्रश्न."

आतून सोनिया ओरडली, "आम्ही दोघी एका सीटवर बसतो ना, मॅडम! विशाखा खाली वाकून बसेल. कुणाला दिसणार पण नाही."

भामाबाई जरा लांबून हे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी अडलंय हे कळलं होतं. त्या माझ्याजवळ आल्या. "पैसे कमी पडले का बाई?"

"नाही हो. पैसे पूर्ण आहेत."

"मंग?"

"आपण दाखला काढला ना गुरुवारी. दाखला दिला की मुलगी शाळेची राहत नाही. सहलीतूनही नाव जातं."

"पर सयलीचं नाव सरांच्या वहीत हाय. पावती हाय माझ्यापाशी." त्यांनी कमरेची पिशवी उघडली, तिन्ही पावत्या काढल्या. बद्रीनाथ सरांनी त्या हातातही घेतल्या नाहीत. ते खाली बघत म्हणाले, "पैसे आत्ताच परत देतो, भामाबाई."

"पैसे राहू द्या तुमच्यापाशी. पोरगी न्या."

मोठ्या बाईंनी यादीची घडी घातली. मग भामाबाईंनीच मान हलवली, जणू हिशेब लागला. "म्हंजी मीच काढाया लावलं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला काही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या खिडकीखाली गेल्या. "इशाखा, उतर बाळा."

ती उतरली. दप्तर, पिशवी, सगळं घेऊन. रडली नाही. डबा हातात होता, त्याच्याकडं बघून भामाबाई म्हणाल्या, "धपाटे दिऊन टाक पोरींना. समद्यांच्या वाटणीचे केलेत." तिनं डबा वर केला, सोनियानं खिडकीतून घेतला.

बस निघाली. सगळ्यांच्या आईबापांनी हात हलवले. भामाबाईंनीही हलवला. विशाखा त्यांच्या शेजारी उभी होती.

रूपा फर्दापूरला येऊन थांबणार होती, त्यामुळं जावं तर लागणारच होतं. मी मोठ्या बाईंकडून रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर मध्यवर्ती स्टँडवर गेले. जे स्टँड टाळायला हा सगळा खटाटोप केला, तिथंच आम्ही जळगावच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिलो. मी विशाखाला म्हटलं, "आपण तिथं पोहोचलो की वर लेण्यांत जाऊ. तुझ्या वर्गात सोडते तुला. तिकीट मी काढते. तिथं कोण यादी बघतंय?"

"नको, बाई. सगळे विचारतील, तुझं नाव का काढलं म्हणून."

तीन तासांच्या वाटेत ती एकदाच बोलली. सिल्लोडच्या पुढं आजीला म्हणाली, "आजी, काढलेलं नाव परत घालता येत नाय का गं?"

"येतं की. तिकडं घालत्यात."

"तिकडं नाय."

भामाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनात देवीचं नाव घ्यायला गेले, तर उद्यापनाची सात ताटं डोळ्यांपुढं आली, आणि मी नाव घ्यायचं थांबवलं.

फर्दापूरच्या फाट्यावर रूपा आणि फकिरा मोटारसायकलपाशी उभे होते. रूपाला वाटलं, लवकर आटपलं. काय झालं ते मी सांगितलं. ती म्हणाली, "बघा, तरी मी म्हणत व्हते..." आणि सासूचं तोंड बघून पोरीची वेणी नीट करायला लागली. फकिरा भला माणूस. त्यानं पिशवी घेतली, "आई, चहा घ्या," म्हणाला. बस निघताना सरांनी मुठीत कोंबलेले साडेसहाशे भामाबाईंनी रूपाच्या हातात दिले. "तिकडच्या शाळंची सयल निघंल. तिला भर."

रूपानं पैसे घेतले, मग हळूच म्हणाली, "त्यांची सयल दिवाळीआधीच झाली, आत्याबाई. यंदाची संपली."

"मंग ठिव. पुढल्या साली भर."

पार्किंगमध्ये आमची एसटी उभी होती, पुढं शाळेचा फलक बांधलेला. रिकामी होती. पोरं वर लेण्यांत गेली होती. विशाखा तिच्यापाशी गेली, खिडकीच्या काचेला हात लावून आत बघितलं. तिच्या जागेवर सोनियाची टोपी ठेवलेली होती. ती परत आली तेव्हा फकिरा म्हणाला, "चल पोरी, वर जाऊन येऊ. मी हाय ना." तिनं नाही म्हणून मान हलवली. भामाबाईही वर गेल्या नाहीत. डोंगराकडं तोंड करून हात जोडले, एवढंच. निजलेले भगवान त्यांनीही बघितले नाहीत.

मोटारसायकलवर फकिरा पुढं, मागं रूपा आणि दोघांच्या मधे विशाखा. दप्तर पुढच्या टाकीवर, पिशवी हँडलला. गाडी सुरू झाली. दोघांच्या मधे अडकलेल्या पोरीला मागं वळून बघता आलं नाही, फक्त तिची एक वेणी हलताना दिसली. मी भामाबाईंकडं बघितलं. सकाळी सगळ्यांबरोबर हलला तो हात आता पदरात होता. वर आलाच नाही. गाडी वळणाआड गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी तिला नीट बघितलंच नाय बाई. सांजच्याला यायचीच हाय असं धरलं व्हतं ना."

परतीच्या गाडीत त्या झोपल्या होत्या की नुसते डोळे मिटून बसल्या होत्या, मला सांगता यायचं नाही.

सोमवारी झाडाखाली पाटी आली नाही. मंगळवारीही नाही. मी देवापुढं बसले की रोज एकच मागत होते, ते इथं लिहीत नाही. संक्रांतीनंतर एका दुपारी त्या आल्या. पाटी मांडली, आणि मधल्या सुट्टीआधी कार्यालयात आल्या.

"जयभीम, बाई."

"जयभीम. बसा ना. विशाखाचा फोन येतो का?"

"येतो. आय देती लावून. शाळंत जाती म्हणते." जरा थांबून म्हणाल्या, "बाई, नाव कुठून काढलं ते मला दावा."

मी हजेरीपट उघडला. लाल रेघ दाखवली. त्यांनी ती बघितली आणि पट माझ्याकडं सरकवला. मला त्यांना काहीतरी चांगलं दाखवायचं होतं. म्हणून मी कपाटातून मोठं जनरल रजिस्टर काढलं. पहिलीला नाव घालताना नोंद करतात ते. पान शोधलं. "हे बघा. इथलं नाव कुणालाच काढता येत नाही. तुमच्या-माझ्यामागंही राहील. विशाखा राजेंद्र. ही जन्मतारीख, हे आईचं नाव."

"कुठं?"

मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. बोरं मोजून मोजून ते बोट टोकाशी काळं पडलंय. त्यांनी ते अक्षरांवरून हळूहळू फिरवलं, शेवटपर्यंत नेलं, परत मागं आणलं.

"म्हंजी हितं नाव व्हतं."

"हो. आहे."

"त्या दिशी बी व्हतं? सयलीच्या?"

"होतं."

त्या माझ्याकडं बघत होत्या. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होत्या. "मंग तवा तेवढं सांगायचं की, बाई."

मी रजिस्टर मिटलं तोवर सुट्टीची घंटा झाली आणि खिडकीबाहेर पोरांच्या हाका सुरू झाल्या, आजी, ए आजी. त्या उठून गेल्या. कपात अंगठा घालू नको म्हणून कुणीतरी ओरडलं. मी कान देऊन ऐकत होते. भामाबाई काही बोलल्या नाहीत. नुसता कागदात बोरं पडल्याचा आवाज आला.